कल्पित कथेच्या पायांतील खरे दगड



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. शेवटच्या तासाची घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी दहावींतील एक विद्यार्थी आपल्या बांकावरच बसून राहिला होता. त्याच्या मांडीवर एक इंग्रजी कादंबरी उघडी होती. मला पाहतांच त्यानें ती मिटली व कांहींसा संकोचून तो म्हणाला, "सर, वडील म्हणतात, असल्या खोट्या गोष्टी वाचण्यांत वेळ घालवूं नकोस. ड्रॅगन, बुटके, जादूगार हें सारें खोटेंच ना?" मीं पुस्तकाचें नांव पाहिलें. जे. आर. आर. टोल्किन या ग्रंथकाराचें "दि हॉबिट" तें. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर दोन वाक्यांत देणें मला साधलें नाहीं. तें आज येथें सविस्तर देत आहें.

ड्रॅगन म्हणजे तोंडांतून आग ओकणारा महासर्प. असा प्राणी पृथ्वीवर कधींही नव्हता, हें उघड आहे. परंतु "जें घडलें नाहीं तें खोटें" एवढें म्हणून आपण थांबलों, तर एका मोठ्या ज्ञानास मुकूं. मनुष्याची कल्पना शून्यांतून कांहींच निर्माण करीत नाहीं. गवंडी ज्याप्रमाणें पडक्या वाड्याचे दगड नव्या भिंतींत बसवितो, त्याप्रमाणें कथाकार पूर्वजांनीं मागें ठेवलेले शब्द, नांवें, दंतकथा व आठवणी यांवर आपली इमारत उभी करितो. यांतील पुष्कळ दगडांचा ठावठिकाणा इतिहासांत सांपडतो. इतकेंच नव्हे, तर ते आपल्यापर्यंत किती थोडक्यांत वांचून आले, हेंही कळतें. याच दृष्टीनें टोल्किन यांच्या कथेंतील कांहीं गोष्टी पाहूं.

टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील ब्लूमफाँटेन येथें झाला. लहानपणींच वडील वारले. बाराव्या वर्षीं मातोश्रींचेंही छत्र हरपलें. त्यांचें बालपण इंग्लंडांतील बर्मिंगहॅम शहरीं व त्याच्या आसपास गेलें. १९२५ सालीं ते ऑक्सफर्ड विद्यापीठांत जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक झाले व १९५९ सालीं निवृत्त होईपर्यंत त्याच विद्यापीठांत शिकवीत राहिले. "दि हॉबिट" १९३७ सालीं, तर "दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज" हा तीन खंडांचा ग्रंथ १९५४ व १९५५ या सालीं प्रसिद्ध झाला. २ सप्टेंबर १९७३ रोजीं ते निवर्तले. त्यांचा खरा व्यवसाय गोष्टी लिहिण्याचा नव्हता. जुने शब्द तपासण्याचा होता. त्यांच्या कथेचें मूळ याच व्यवसायांत आहे.

"दि हॉबिट"चें कथानक थोडक्यांत असें: बिल्बो नांवाचा एक सुखवस्तु, घर सोडून कोठें न जाणारा छोटा गृहस्थ असतो. गंडाल्फ नांवाचा वृद्ध जादूगार एके दिवशीं तेरा बुटक्यांना त्याच्या घरीं आणतो. या बुटक्यांचें वडिलोपार्जित धन स्मॉग नांवाच्या ड्रॅगननें बळकावलेलें असतें. तें परत मिळविण्यासाठीं ते बिल्बोला चक्क चोर म्हणून कामावर ठेवतात.

आतां पहिला दगड पाहूं: या बुटक्यांचीं नांवें. थोरिन, द्वालिन, फिली, किली, बोम्बुर, ग्लोइन अशीं हीं नांवें मुलांना गंमतीनें जुळविलेलीं वाटतात. परंतु तेरांपैकीं बहुतेक सर्व नांवें "व्होलुस्पा" नांवाच्या प्राचीन आइसलँडी काव्यांतील बुटक्यांच्या यादींत आढळतात. बालिन हें नांव मात्र तेथें नाहीं. त्याच यादींत "गंडाल्फ" हेंही नांव आहे! त्याच्या पहिल्या भागाचा अर्थ जादूची काठी आणि दुसऱ्याचा अर्थ एल्फ, म्हणजे आपल्याकडील यक्षगंधर्वांसारखी एक अमानुष जात. टोल्किन यांच्या पहिल्या कच्च्या लेखनांत हें नांव बुटक्यांच्या नायकाला दिलें होतें. पुढें तें त्यांनीं जादूगाराला दिलें. ज्याच्या नांवांतच जादूची काठी, त्याच्या हातीं काठी असणें योग्यच नव्हे काय? जुन्या काव्यांत गंडाल्फाविषयीं नांवापलीकडे कांहींही सांगितलेलें नाहीं. एका शब्दाचा अर्थ लावतां लावतां एक पात्र उभें राहिलें.

ही यादी ज्या हस्तलिखितांत मिळते, तें सुमारें १२७० सालीं आइसलँडांत चामड्याच्या पानांवर लिहिलें गेलें. त्या बेटावरील लोक त्यापूर्वीं पावणेतीनशें वर्षें ख्रिस्ती झालेले होते. तरी त्यांनीं आपल्या पूर्वजांच्या जुन्या देवदेवतांचीं गाणीं जाळलीं नाहींत, तर लिहून ठेवलीं. पुढें जवळजवळ चार शतकें तें पुस्तक कोठें होतें, याचा कांहींच माग लागत नाहीं. १६४३ सालीं तें स्काल्होल्टचे बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन यांच्या हातीं आलें. त्यांनीं १६६२ सालीं तें डेन्मार्कच्या राजाकडे पाठविलें व तीन शतकें तें कोपनहेगन येथें राहिलें. अखेर २१ एप्रिल १९७१ रोजीं डॅनिश आरमाराच्या जहाजानें तें रेक्याविक बंदरीं परत आणलें, तेव्हां तें पाहण्यासाठीं धक्क्यावर लोकांची दाटी झाली होती. एवढा समारंभ कशासाठीं? तर पंचेचाळीस पानांच्या एका लहानशा पुस्तकासाठीं!

मूळचीं आठ पानें मधूनच गहाळ झालीं आहेत. सिगुर्ड नांवाच्या वीरानें ड्रॅगनला मारल्यानंतरची कथा जेथें ऐन भरांत येते, तेथेंच तीं तुटलीं आहेत. टोल्किन यांच्या मनाला ही रिकामी जागा इतकी लागली कीं, त्यांनीं त्या कथेवर स्वतः इंग्रजींत दीर्घ काव्यें रचून ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. हीं काव्यें त्यांच्या मुलानें २००९ सालीं प्रसिद्ध केलीं.

दुसरा दगड याहूनही नवलाचा आहे. "दि हॉबिट"मध्यें बिल्बो ड्रॅगनच्या गुहेंत प्रथम शिरतो तेव्हां एक मोठा प्याला उचलून आणतो. जागा झालेला ड्रॅगन आपल्या अगणित धनांतील तो एक प्याला नाहींसा झाल्याचें तत्काळ ओळखतो व रागानें बाहेर पडतो. हा प्रसंग "बेओवुल्फ" या जुन्या इंग्रजी काव्यांत आहे. तेथें तीनशें वर्षें धनराशीवर पडून असलेल्या ड्रॅगनच्या गुहेंत एक अनामिक मनुष्य शिरतो, प्याला चोरतो, आणि संतापलेला ड्रॅगन सारा मुलूख जाळीत सुटतो. वृद्ध राजा बेओवुल्फ त्याच्याशीं लढतां लढतां मरण पावतो. टोल्किन यांनीं १९३८ सालीं एका वृत्तपत्रास लिहिलेल्या पत्रांत आपल्या आधारांमध्यें बेओवुल्फाचें मोल मोठें असल्याचें मान्य केलें. मात्र लिहितांना तें काव्य जाणीवपूर्वक डोळ्यांसमोर नव्हतें, असेंही सांगितलें.

या काव्याची जगांत एकच जुनी प्रत आहे. ती इ. स. १००० च्या सुमारास दोघां लेखनिकांनीं लिहिली. पुढें ती रॉबर्ट कॉटन या संग्राहकाच्या ग्रंथालयांत आली. २३ ऑक्टोबर १७३१ च्या रात्रीं लंडनमधील वेस्टमिन्स्टर येथें, ज्या वाड्यांत हें ग्रंथालय ठेवलेलें होतें, त्या वाड्यास आग लागली. तेथेंच राजग्रंथालयही होतें. त्याचे प्रमुख डॉ. बेंटली हे पांचव्या शतकांतील ग्रीक बायबलाची अमोल प्रत काखेंत घेऊन बाहेर पडले, असें सांगतात. बाकीचीं पुस्तकें लोकांनीं खिडक्यांतून बाहेर फेंकलीं. कित्येक जळालीं, बेओवुल्फ वांचला, परंतु त्याच्या कडा करपल्या, आणि पुढें वर्षानुवर्षें एकेक अक्षर झडूं लागलें. १७८७ सालीं थोर्केलिन नांवाच्या एका आइसलँडी विद्वानाच्या खटपटीनें त्याच्या दोन नकला झाल्या. मूळ पानांवरून पुढें झडून गेलेलीं कितीतरी अक्षरें आज केवळ या नकलांमुळेंच वाचतां येतात. १८०७ सालीं इंग्रजांनीं कोपनहेगनवर तोफा डागल्या; त्यांत थोर्केलिन यांचें घर व छापण्यासाठीं केलेलें काम नष्ट झालें. नकला तेवढ्या वांचल्या! त्यांनीं पुन्हां आरंभापासून काम केलें व १८१५ सालीं तें काव्य प्रथमच छापून निघालें. आज मूळ प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे.

आतां माझ्या मतें सर्वांत चटका लावणारी गोष्ट सांगतों. प्याला चोरण्याचा प्रसंग ज्या पानावर आहे, तेंच पान सर्व हस्तलिखितांत अत्यंत झिजलेलें आहे. तो मनुष्य कोण होता हें सांगणाऱ्या शब्दाचें "थ" या उच्चाराचें पहिलेंच अक्षर तेवढें स्पष्ट दिसतें. तो शब्द "थेओव" म्हणजे दास असावा, असें पुष्कळ विद्वान म्हणतात. कोणी "थेग्न" म्हणजे सरदाराचा सेवक, तर कोणी "थेओफ" म्हणजे चोर असें म्हणतात. एका अक्षरावांचून एक मनुष्य कायमचा अंधारांत राहिला. हें काव्य टोल्किन यांनीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें. त्या पुसट पानावरील अनामिकाला त्यांनीं नकळत एक नांव, एक घर, आणि भीतीवर मात करणारें एक कोमल हृदय दिलें, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

कोणी विचारील, "बेओवुल्फ तरी कल्पितच ना?" होय, परंतु त्याच्याही पायांत खरे दगड आहेत. बेओवुल्फाचा मामा राजा हिगेलाक हा परदेशीं स्वारीवर गेला असतां मारला गेला, असें काव्यांत म्हटलें आहे. फ्रँक लोकांचा इतिहास लिहिणारा सहाव्या शतकांतील बिशप ग्रेगरी यानेंही अशाच नांवाच्या राजाची स्वारी व मृत्यु नमूद केला आहे. आणखी एक पुरावा भूमीनें दिला. १९३९ सालीं इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ सटन हू येथें एका मातीच्या टेंकाडाखालीं सुमारें सत्तावीस मीटर लांबीच्या नौकेचा ठसा सांपडला. लांकूड कुजून गेलें होतें; लोखंडी खिळ्यांच्या रांगा मात्र जागच्या जागीं होत्या. आंत शिरस्त्राण, तलवार, सोन्याचे अलंकार, चांदीचीं भांडीं असें सातव्या शतकाच्या आरंभींचें राजवैभव होतें. वीरांना धनासह पुरल्याचीं काव्यांतील वर्णनें अतिशयोक्तीचीं नव्हेत, हें त्या दिवशीं सर्वांना कळलें.

तिसरा दगड कोड्यांचा. बिल्बो काळोख्या गुहेंत गॉलम नांवाच्या प्राण्याशीं कोडीं घालण्याचा सामना खेळतो. हरल्यास प्राण जावयाचा असा पण असतो. आपल्याला येथें युधिष्ठिर व यक्ष यांची आठवण होईल. टोल्किन यांच्यासमोर मात्र उत्तरेकडील कथा होत्या. आइसलँडी कथेंत राजा हायड्रेक याच्याशीं ओडिन देव वेष पालटून असाच सामना खेळतो व शेवटीं, आपण आपल्या मृत पुत्राच्या कानांत काय सांगितलें, असा प्रश्न करितो. हें कोडें नव्हेच. उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक! बिल्बोचा शेवटचा प्रश्न, "माझ्या खिशांत काय आहे?" हाही याच जातीचा आहे.

जुन्या इंग्रजींतील नव्वदांहून अधिक कोडीं एक्सेटर येथील प्रधान मंदिराच्या पुस्तकांत आहेत. बिशप लिओफ्रिक यांनीं हें पुस्तक मंदिरास दिलें; ते १०७२ सालीं वारले. मधल्या काळांत त्याची किंमत कोणास कळली नाहीं. त्याच्या पहिल्या पानांवर सुरीचे चरे आहेत, भांडें ठेवल्याचा वाटोळा डाग आहे, व शेवटचीं पानें जळत्या वस्तूनें भोंकें पडून गेलीं आहेत. याच पुस्तकांतील काव्यांत रोमन लोकांच्या पडक्या दगडी इमारतींना "एंटांचें काम" म्हटलें आहे. एंट म्हणजे राक्षस. रोमन राज्य पांचव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटनमधून गेलें. मागाहून आलेले लोक लांकडाचीं घरें बांधीत असत. एवढ्या भिंती मनुष्यांनीं बांधल्या असतील, हें त्यांना खरें वाटेना. नाशिकजवळचीं बौद्ध लेणीं आपल्या लोकांनीं "पांडवलेणीं" म्हणून पांडवांच्या नांवें लाविलीं, त्यांतलाच हा प्रकार. टोल्किन यांनीं हा विसरलेला शब्द उचलला व चालत्याबोलत्या वृक्षांच्या वृद्ध जातीला तें नांव दिलें.

सर्वच दगड इतके प्राचीन नाहींत. १९१६ सालीं टोल्किन फ्रान्समध्यें सोमच्या लढाईंत संदेशवहनाचे अधिकारी म्हणून होते. शाळेपासूनच्या त्यांच्या चौघांच्या मित्रमंडळांतील दोघे त्याच वर्षीं मृत्यु पावले. "दि लॉर्ड ऑफ दि रिंग्ज"मध्यें एक दलदल आहे. तिच्या पाण्याखालीं मृत योद्ध्यांचे चेहरे दिसतात. लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सचें कांहीं ऋण या वर्णनावर आहे, असें त्यांनीं स्वतः एका पत्रांत लिहिलें आहे. त्याच ग्रंथांतील सॅम गॅम्जी हा निष्ठावंत सेवक सर्वांचा आवडता आहे. त्याचें आडनांव बर्मिंगहॅमच्या लहानपणांतून आलें. तेथील शस्त्रवैद्य डॉ. सॅम्प्सन गॅम्जी यांनीं १८८० सालीं जखमेवर बांधण्यासाठीं जाळीच्या कापडांत कापूस घालून केलेली पट्टी प्रचारांत आणली. त्या भागांत कापसालाच "गॅम्जी" म्हणूं लागले. कथेंत सॅमच्या पत्नीचें माहेरचें आडनांव कॉटन, म्हणजे कापूस आहे, हें लक्षांत आलें म्हणजे ग्रंथकाराच्या विनोदाचें हसूं येतें.

येथें एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. सारखेपणा दिसला कीं तेंच मूळ, असें म्हणूं नये. ग्लॉस्टरशायरमधील लिडनी येथें नोडेन्स नांवाच्या देवतेचें रोमनकालीन मंदिर आहे. तेथें एक शिशाचा पत्रा मिळाला. त्यावर सिल्व्हियानुस नांवाचा मनुष्य आपली अंगठी हरवल्याचें सांगून सेनिकियानुस नांवाच्या मनुष्यावर शाप मागतो. दूर सिल्चेस्टर येथें १७८५ सालीं एक सोन्याची अंगठी सांपडली. तिच्यावर सेनिकियानुस हेंच नांव आहे! लिडनीचें उत्खनन १९२८ व १९२९ सालीं मॉर्टिमर व्हीलर यांनीं केलें. हेच व्हीलर पुढें १९४४ ते १९४८ पर्यंत हिंदुस्थानच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख होते. त्यांच्या १९३२ च्या अहवालांत नोडेन्स या नांवाची चिकित्सा टोल्किन यांनीं लिहिली. एवढ्यावरून टोल्किन यांच्या शापित अंगठीचें मूळ हेंच, असें पुष्कळ लोक छातीठोकपणें सांगतात. परंतु अहवालांत देवतेच्या नांवावर टीप लिहिणें वेगळें, आणि त्या अंगठीवरून कथा सुचणें वेगळें. हा दुसरा दुवा कोणी सिद्ध केलेला नाहीं. अदृश्य करणारी अंगठी प्लेटोच्या ग्रंथांतही आहे. "असें असूं शकेल" आणि "असें आहे" यांतील भेद ज्यानें ओळखला, त्यालाच इतिहासाचा अभ्यासक म्हणावें.

स्वतः टोल्किन यांनीं १९३९ सालीं परीकथांवर दिलेल्या व्याख्यानांत कथेला मोठ्या हंड्यांत शिजत असलेल्या रश्श्याची उपमा दिली आहे. त्यांत इतिहास पडतो, दंतकथा पडते, राजे पडतात, भटके पडतात. सर्व मिळून एक चव होते. वाढणाऱ्याकडे हाडें मागत बसूं नये, असा त्यांचा इषारा आहे. तो मला मान्य आहे. परंतु रस्सा चाखून झाल्यावर हंड्यांत काय काय पडलें, हें विचारणें शिक्षकाचें कर्तव्य आहे. कारण आपलाही हंडा रिकामा होत आहे.

हें मी स्वतःच्या दोषावरून सांगतों. गोदावरीकाठच्या आमच्या गांवीं माझी आजी संध्याकाळीं ओसरीवर बसून आम्हां भावंडांना कोडीं घालीत असे. ती निरक्षर होती. परंतु कोडीं तिला अनेक येत. मी शिकण्यासाठीं वसतिगृहांत गेलों, पदवीधर झालों, दुसऱ्यांच्या भाषांतील कोडीं परीक्षेसाठीं पाठ केलीं. आजीचें एकही कोडें लिहून ठेवावें असें मला सुचलें नाहीं. ती गेली. आज तिचें एक कोडें मला अर्धें आठवतें. पुढची ओळ आठवत नाहीं, उत्तरही आठवत नाहीं. भावंडांना विचारलें, त्यांनाही तें येत नाहीं. बेओवुल्फाच्या पानावरील तें एकच उरलेलें अक्षर मीं प्रथम पाहिलें, तेव्हां मला त्या ओसरीची आठवण झाली. तेथें निदान आग लागली होती, शतकें लोटलीं होतीं. माझ्या घरीं तर केवळ आळस होता.

म्हणून त्या विद्यार्थ्याला मीं दुसऱ्या दिवशीं असें सांगितलें: "बाळ, अभ्यास संपवून, वडिलांची परवानगी घेऊन हें पुस्तक अवश्य वाच. ड्रॅगन खरा नाहीं. पण ज्यांनीं त्याची गोष्ट सांगितली, ज्यांनीं ती चामड्यावर लिहिली, ज्यांनीं ती आगींतून बाहेर फेंकली, तीं माणसें खरीं होतीं. त्यांचें ऋण ओळखणें हें खोट्या गोष्टींत वेळ घालविणें नव्हे." तो थोडा वेळ उगाच राहिला व मग म्हणाला, "सर, माझ्या आजीलाही पुष्कळ गोष्टी येतात."

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यानें मला एक दोनशें पानी वही आणून दाखविली. तिचीं सतरा पानें भरलेलीं होतीं. गोष्टींखालीं आजीचें नांव, गांवाचें नांव व तारीख घातलेली होती. एका ठिकाणीं त्यानें लिहिलें होतें, "हा शब्द आजीलाही नक्की आठवत नाहीं." तें वाक्य वाचून मला फार समाधान वाटलें, कारण अभ्यासकाचा प्रामाणिकपणा त्यांत होता. उरलेलीं पानें तो भरीत आहे. तुमच्यापैकीं ज्यांच्या घरीं अजून आजी आहे, त्यांनीं या मे महिन्याच्या सुट्टींत एक वही विकत घ्यावी, एवढेंच सांगून हा लेख पुरा करितों.